राखेतले खिळे

१० सप्टेंबर १९७९

आज आलेलं सामान: बाक सहा, कँपेर शहरातल्या बंद पडलेल्या वसतिगृहातून, नव्वद फ्रँक. फळा एक, कोपरा तुटका, पंचवीस. खडूचे डबे दोन, आठ. लोखंडी शेगडी नळकांड्यासकट, भंगारवाल्याकडून एकशे दहा (एकशेचाळीसवर अडून बसला होता, सांत आन माउलीची शपथ घातल्यावर उतरला). खिडकीसाठी काचा चार, बावीस. जगाचा नकाशा, फादरनी दिला. जुना लाकडी बूट एक, दोरी बांधून, आमच्याच माळ्यावरचा, फुकट.

पुढच्या सोमवारी आमच्या जुन्या दुधाच्या खोलीत शाळा भरणार. पाच-सहा वर्षांची मुलं, आणि सगळं शिकणं आपल्या ब्रेतोन बोलीत. अंक, गाणी, पानंफुलं, सगळं. फ्रेंच मागाहून. माझ्या जानिनने पॅरिसहून लिहिलंय, "आई, तू मला जे दिलं नाहीस ते निदान नोरिगला मिळू दे." नोरिग म्हणजे तिची लेक अझेनोर, सहावं लागलंय, आमच्याकडेच असते. मी जानिनशी पाळण्यापासून फ्रेंच बोलले हे खरं. नन्सच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकले होते, वाटलं पोरीचं भलं होईल. झालंही; पॅरिसच्या पोस्टात कायमची नोकरी आहे. ती म्हणते मी तिची जीभ कापली. जीभ कापलेली बाई इतकी लांबलचक भांडणं कशी लिहिते, ते देव जाणे.

बूट मास्तरणीने मागून घेतला. रोझेन तिचं नाव, तेवीस वर्षांची, ब्रेस्त शहरातली, बोली पुस्तकातून शिकलेली. आमच्या वेळी शाळेत जो बोलीत बोलेल त्याच्या गळ्यात असा बूट अडकवायचे. मग त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडून द्यायचं, की बूट त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला मार. आम्हा मुलींना नन्सकडे नुसत्या हातावर छड्या असत, त्यामुळे मी काही तो घातलेला नाही. रोझेन म्हणते, "फिलोमेनमावशी, हा भिंतीवर हवाच. हा आपला साक्षीदार." मला काय, माळ्यावर अशा जुन्या बुटांची टोपलीभर अडगळ आहे.

१७ सप्टेंबर

शाळा उघडली. फादरनी पाणी शिंपडलं. मुलं अकरा, त्यातली आठ समोरच्या सरकारी शाळेतून काढून आणलेली. तिथले मास्तर मस्यू काल्वेझ आपल्या फाटकात हाताची घडी घालून उभे होते. देव न मानणारा माणूस.

"काय फिलोमेन, गोठ्यात यंदा वासरांऐवजी मुलं बांधलीत वाटतं?"

"वासरं निदान आईच्या भाषेत हंबरतात, मस्यू काल्वेझ."

"वा! आणि हा टोमणा मारलात मात्र फ्रेंचमध्ये."

मी दार लावून घेतलं.

फाँशचं मात्र कळलं नाही. फाँश हा माझा दीर, माझ्या नवऱ्याचा, लाऊचा, धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, आमच्याकडेच असतो. चार गावांची डुकरं कापतो, फ्रेंचचं एक वाक्य येत नाही, आणि आपल्या बोलीतही मोजकंच बोलतो. डावा कान लहानपणी फुटलेला. नोरिग त्याचा जीव की प्राण. सगळा आठवडा शीळ घालत त्याने शाळेच्या भिंतींना चुना लावला, बाक वाहिले. आज नोरिगचा हात धरून उंबऱ्यापर्यंत आला, आत पाहिलं आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. पोरीचा हात इतका आवळला की ती रडली. मग पाठ फिरवून गेला तो डुकरांच्या खोपीत. जेवला नाही. मुलांचा गलका कानाला सोसला नसावा. कोमट तेल घालू म्हटलं तर माझा हात झिडकारला.

२७ सप्टेंबर

शाळा फोडली. सकाळी गेलो तर चारही काचा खळ्ळ. उंबऱ्यावर रक्ताचे थेंब. चोरीला काय गेलं पाहिलं, तर फक्त बूट! वेडाच चोर म्हणायचा. एकशे दहाची शेगडी ठेवली आणि फुकटचा बूट नेला.

मुलं भेदरली. रोझेन रागाने थरथरत होती, पण तिने बाहेर सफरचंदाच्या झाडाखाली वर्ग घेतला. खिडक्यांना मी खताच्या पिशव्या कापून लावल्या. बावीस फ्रँक मातीत.

फाँशच्या तळव्याला खोल चीर आहे. काटेरी तार लागली म्हणाला. सफरचंदाच्या दारूने धुतलं तर आतून काचेचा कण निघाला. मुलांच्या पायात जाऊ नयेत म्हणून बिचाऱ्याने काचा वेचल्या असणार. लाऊला मी म्हटलं, "तुझा भाऊ बोलत नाही, पण मनाने सोनं आहे."

२९ सप्टेंबर

भाकरीची भट्टी साफ केली. फाँशने ती शनिवारच्या भाकरीसाठी म्हणून आधीच पेटवून टाकली होती. राखेत लाकडी बुटाच्या तळाचे बारीक खिळे सापडले, चांगले घडीव. ठोकून सरळ केले आणि डब्यात टाकले. आजकाल असे मिळत नाहीत.

रोझेनला माळ्यावरचा दुसरा बूट दिला. "त्यांनी शंभर नेले तर मी एकशेएकावा टांगेन," म्हणाली. पोरीत धमक आहे, फक्त घावन करता येत नाही. काळ्या गव्हाचं पीठ इतकं पातळ भिजवते की ताक बरं.

१५ ऑक्टोबर

पुन्हा. रविवारी आम्ही प्रार्थनेला गेलो होतो तेवढ्यात. या खेपेला कुऱ्हाड. दोन बाकांच्या ढलप्या झालेल्या, फळा उभा चिरला, भिंतीतला खिळा गिलाव्यासकट उपटलेला. बूट नाही.

नोरिग म्हणाली, "आज्जी, ते आम्हाला पण कापतील?" मी तिला कडेवर घेऊन बाहेर आणलं.

लाऊ दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याच्या मानेची शीर फुगली की मला आजही भीती वाटते. तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्यांत त्याने दोन जणांचे खांदे मोडलेत.

"कोण?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "ज्याच्या शाळेतली आठ मुलं गेली, तो. आणखी कोणाला नडलंय? आणि रविवारी चर्चला न येणारा गावात एकच माणूस आहे."

एवढंच म्हटलं मी.

फाँश? तो घरीच होता, डुकरीण वितेय म्हणून राखण करत. विचारलं तर म्हणाला, काही ऐकू आलं नाही. त्या कानाने कसं येणार!

१९ ऑक्टोबर

देवा, क्षमा कर. गुरांच्या बाजारात लाऊने काल्वेझना मारलं.

आमची दोन वासरं नुकतीच गेली होती. मी नोटा कमरेला खोचत होते. काल्वेझ कॅफेच्या दारातून बाहेर आले, हातात वर्तमानपत्र. लाऊने जाऊन कॉलर धरली. ते म्हणाले, "अरे लाऊ, काय झालं..." तेवढ्यात लाऊचं कपाळ त्यांच्या तोंडावर. लाकूड फुटावं तसा आवाज झाला. ते गुडघ्यावर आले, दगडी फरशीवर रक्त आणि दोन दात थुंकले, आणि लाऊने बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. "मुलांचे बाक फोडतोस? मुलांचे?" लोक गोल करून उभे. कोणी म्हणालं, "बास कर, मरेल," कोणी म्हणालं, "आणखी एक दे माझ्यातर्फे." कसाई योबिकने आणि आणखी दोघांनी मिळून लाऊला ओढलं.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण इथे खोटं लिहून उपयोग नाही. मला बरं वाटलं. क्षणभर अगदी बरं वाटलं. मग काल्वेझ फरशीवर हाताने चाचपून आपला चष्मा शोधायला लागले, तेव्हा नाही.

फाँश गाडीपाशी उभा होता. तो "नाही, नाही, तो नाही" असं बरळत चाकावर ओकला. डुकरं कापणाऱ्या माणसाला दोन दातांचं रक्त सोसू नये!

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सासूसासऱ्यांच्या थडग्यावर शेवंतीची एक कुंडी ठेवली. दोन ठेवायच्या होत्या, पण भाव काय लावलेत!

काल्वेझनी पोलिसांत तक्रार केली नाही. का केली नाही, हेच मला खुपतंय. गुन्हेगार म्हणून गप्प, असं लाऊ म्हणतो. पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरनी विचारलं, "तू त्यांना शाळा फोडताना पाहिलंस?" नाही म्हटलं. "मग?" मग काय. पूर्ण जपमाळ सांगितली शिक्षा म्हणून. जास्त वाटली तेव्हा. आता वाटत नाही.

गावात मात्र शांतता आहे. लाऊ म्हणतो, औषध लागू पडलं. रोझेन ख्रिसमसच्या गाण्यांत गुंतलीय, भिंतीवर अजून नवा खिळा ठोकलेला नाही. नोरिग घरातही आता बोलीतच बोलते. काल मला म्हणाली, "आज्जी, तू बोलताना का अडखळतेस?" अडखळते खरी. फाँशशी होणारे मोजके शब्द सोडले तर पस्तीस वर्षांनी तोंडात घेतलेला घास.

१४ डिसेंबर

आज डुक्कर कापलं. रोझेनने सगळा वर्ग अंगणात आणला, अवयवांची नावं आपल्या बोलीत शिकवायला. मी म्हटलं, लहान मुलं आहेत, भितील. ती म्हणाली, "मावशी, ही नावं पुस्तकात नाहीत, फाँशकडे आहेत."

लाऊ आणि योबिकने पाय धरले. फाँशने डुकराच्या कानात काहीतरी पुटपुटलं, नेहमी पुटपुटतो, आणि सुरा गळ्यात मुठीपर्यंत. किंकाळी डोंगरापर्यंत गेली असेल. मी परातीत रक्त धरून हाताने ढवळत होते, गोठू नये म्हणून. दोन मुलं रडली, नोरिग नाही रडली. पेंढ्याच्या जाळावर केस जाळले, खरवडलं, टांगलं, पोट उघडलं. मग फाँश बोलायला लागला! काळीज, फुप्फुस, पित्ताची पिशवी, पडदा, आतडीचा प्रत्येक वळसा. अशी नावं की मीही विसरले होते. मुलं ओरडून ओरडून म्हणत होती आणि तो कोपरापर्यंत लाल हातांनी, दात विचकून हसत होता. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. रोझेनचे डोळे भरून आले.

मग योबिकचा नातू चुकून फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला, आणि रोझेन हसत टाळी वाजवून म्हणाली, "ए! आता इथे जो फ्रेंच बोलेल ना, त्याच्या गळ्यात बूट!" मुलं खिदळली. मीही हसले. उलटा न्याय!

फाँशने सुरा बादलीत टाकला आणि चालता झाला. आतडी धुवायची तशीच राहिली. थंडीत माझी बोटं बधिर झाली. लहरी माणूस.

संध्याकाळी रोझेनने माळ्यावरून तिसरा बूट नेला, नवा खिळाही.

१७ डिसेंबर

आता काही राहिलं नाही. शेगडी घणाने चेचलेली, नळकांडं पिळलेलं, नकाशाच्या चिंध्या, मुलांनी ख्रिसमससाठी केलेला मातीचा गोठा पायाखाली तुडवलेला. मेरीमातेचं डोकं मी कचऱ्यातून वेचलं. ज्याने हे केलं त्याचे हात झडोत, असं माझ्या तोंडून निघालं आणि मी परत घेतलं नाही.

काल्वेझ आजारी बहिणीकडे गेले आहेत, आठवडा झाला. म्हणजे ते नव्हेत. लाऊला सांगितलं तर त्याने हातातलं पिळलेलं नळकांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मग कोणाचे दात पाडले मी?"

जानिनला ऑक्टोबरच्या फोडाफोडीचं कळलंच. तिचं पत्र: "आणखी एकदा असं झालं तर मी येऊन नोरिगला पॅरिसला नेते. भाषेपायी माझी मुलगी मरायला नको." पत्र आपल्या बोलीत वाचून दाखवलं तर फाँशने मान हलवली आणि म्हणाला, "नेऊ दे." ज्याचा जीव त्या पोरीत, तो म्हणतो नेऊ दे! मी त्याला इतकी बोलले की लाऊला मध्ये पडावं लागलं.

१८ जानेवारी १९८०

मंगळवारी सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला येणार. त्यांच्या अहवालावर शाळा राहणार की जाणार ते ठरेल. पालकांनी उसनी शेगडी आणली, बाक पुन्हा जोडले. खिळे कमी पडले तेव्हा माझ्या डब्यातले दिले. रोझेनने बूट पुन्हा टांगला, चौथा. टोपलीतला शेवटचा.

रात्रीची प्रार्थना म्हणून घेताना नोरिग म्हणाली, "फाँशकाका सांगतो, शाळेत तोंड घट्ट मिटून बस. बोललीस की बूट तुझ्याकडे येईल."

"अगं, थट्टा करतो तो."

"नाही आज्जी. तो रडत होता."

आणखी विचारणार होते. पण लोण्याचा केक भट्टीत होता, अंडी सहा घातली होती, करपला असता. उठले.

२२ जानेवारी

आजच लिहिते, नाहीतर झोप लागणार नाही. तशीही लागणार नाही.

इन्स्पेक्टर सकाळी आले. राखाडी सूट, मऊ बोलणं, पायाला चिखल लागला तर मलाच सॉरी म्हणाले. वाईट माणूस नव्हता. मुलांनी अंक म्हटले, गाणं म्हटलं, डुकराचे अवयव सांगितले. ते हसले, काहीतरी टिपून घेतलं. मी कोपऱ्यात कॉफी ओतत होते. लाऊ दाराबाहेर. फाँश कुंपणाचे खांब ठोकत होता, त्याच्या लाकडी घणाचा ठोका ऐकू येत होता.

मग इन्स्पेक्टरांनी भिंतीकडे बोट केलं. "आणि हे काय?"

रोझेनचा चेहरा उजळला. याचीच वाट पाहत होती ती. "हे मी तुम्हाला दाखवतेच, मस्यू. कोण येतंय पुढे?"

"मी! मी!" नोरिग उड्या मारत गेली. रोझेनने बूट काढला आणि दोरी तिच्या गळ्यात घातली. "बघा. सहा वर्षांचं मूल. असं दिवसभर." बूट पोरीच्या पोटापर्यंत लोंबत होता. ती ऐटीत उभी राहिली. इन्स्पेक्टरांचं तोंड उतरलं. ते हळूच म्हणाले, "माझ्या वडिलांनी सांगितलं होतं," आणि त्यांनी हात उचलला, दोरी काढायला असेल, नाहीतर डोक्यावर ठेवायला.

घणाचा ठोका थांबलेला मला कळला. का कोण जाणे, तेवढं कळलं.

फाँश आत आला तो आवाज न करता. पहिला घाव जबड्यावर बसला. इन्स्पेक्टर शेगडीवर आदळले, कॉफीची किटली माझ्या हातून गेली. दुसरा खांद्यावर, हाड मोडलेलं ऐकू आलं. रोझेन आडवी गेली, तिला त्याने कोपराने भिंतीवर फेकलं. तिसऱ्यासाठी घण वर गेला तेव्हा लाऊने मागून मिठी मारली, आणि लाऊसारखा पैलवान, पण त्यालाही फाँशने झटकलं. मुलं किंचाळत बाकांखाली. नोरिग जागची हलली नाही.

फाँशने घण टाकला. तिच्यापुढे गुडघे टेकले, आणि रक्ताच्या हातांनी, इतक्या जपून की केसही ओढला गेला नाही, दोरी तिच्या गळ्यातून काढली. आपल्या गळ्यात घातली. मग कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला, दोन्ही हात डोक्यावर.

"माझ्याकडे आहे," तो आपल्या बोलीत म्हणत होता. "माझ्याकडे आहे. तिला जाऊ द्या. माझ्याकडे आहे."

साठीचा माणूस. वाट बघत होता मार कधी बसतो त्याची.

तेव्हा मला भट्टीतले खिळे आठवले. तळव्यातली काच आठवली. मी केलेला एकेक मूर्खपणा असा ओळीने उभा राहिला.

टेलिफोन सरकारी शाळेतच आहे. लाऊ तिथे धावला, काल्वेझांकडे, ज्यांचे दात त्याने पाडले होते. त्यांनीच अँब्युलन्स बोलावली. तिच्या आधी पोलीस पोचले. ते फाँशला फ्रेंचमध्ये विचारत होते, नाव? वय? का मारलं? तो बोलेना. एकाने बखोटीला धरून उठवायला पाहिलं, उठेना, तर काठी घातली पाठीत. फाँश हूं की चूं करेना. उलट जरा सुटल्यासारखा दिसला, म्हणजे बसला एकदाचा मार. पोलिसाने आणखी दोन घातल्या. मी त्याचा हात धरला तर मला ढकललं.

"थांबा," काल्वेझ म्हणाले. पुढचे दात नाहीत, त्यामुळे शब्द सुटे सुटे येतात. ते कोपऱ्यात गेले, फाँशशेजारी जमिनीवर बसले. आणि आमच्या बोलीत, आमच्याच गावाच्या हेलात, म्हणाले, "ऊठ रे फाँश. शाळा सुटली."

फाँशने हात खाली घेतले. त्यांच्याकडे पाहिलं. "सुटली?"

"सुटली. चल घरी."

तो उठला आणि मुकाट गाडीत बसला. बूट गळ्यातच होता, पोलिसांनी पुरावा म्हणून काढून घेतला तेव्हा त्याने फक्त विचारलं, "आता कोणाकडे?"

काल्वेझना येते आपली बोली. मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही.

२४ जानेवारी

शाळेला सील. निर्णय होईपर्यंत वर्ग माझ्या स्वयंपाकघरात. इन्स्पेक्टरांचा जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही, ते काय लिहितील ते देवाच्या हाती. रोझेन भिंतीकडे बघत बसते. आज म्हणाली, "मावशी, मी साक्षीदार टांगला आणि साक्षीदार माझ्याच दारात चुना लावत होता." तिला सूप भरवलं.

फाँशला कोर्टात नाही, वेड्यांच्या इस्पितळात नेलं.

लाऊ जेवताना मध्येच चमचा ठेवून बोलला. "फिलोमेन, त्याचा कान दुखण्याने गेला नाही. मास्तराने तोच बूट कानावर हाणला होता."

मी ताटलीतून मान वर केली.

"त्या दिवशी बूट दुपारपर्यंत माझ्याकडे होता. सुटायला थोडा वेळ होता. फाँश सहा वर्षांचा होता, तहान लागली म्हणाला मला, आपल्या बोलीत. मलाच. आणि मी हात वर केला." त्याने भाकरीचा तुकडा उगाच कुस्करला. "मास्तर म्हणाले, शाब्बास."

तो उठून गेला. वरच्या कपाटातून डुकराच्या काळजाच्या वाटणाची बरणी काढली आणि काल्वेझांकडे निघाला. "चावायला नको त्याला," म्हणाला. "मऊ आहे." तिथून उशिरा परतला. काय बोलले ते सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. घावन केले, पहिला नेहमीसारखा वर्षाच्या बरकतीसाठी कपाटावर ठेवला. जानिन आली आहे. नोरिगची बॅग भरलेली दारात होती. नोरिगने ती उपसून रिकामी केली आणि आईला आमच्या बोलीत सांगितलं, फाँशकाका आल्याशिवाय मी जाणार नाही. जानिनला शब्द कळले नाहीत, मला सांगावे लागले. ती रडली. अजून काही ठरलेलं नाही.

इस्पितळाचं टाइप केलेलं पत्र आलं. त्याला द्यायचं उत्तर आधी इथे उतरवून ठेवते, मग चांगल्या कागदावर:

मुख्य परिचारिकाबाईंस,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, रुग्ण मुका आहे, सांगितलेलं त्याला समजत नाही, म्हणून हात बांधून ठेवावे लागतात. बाई, तो मुका नाही. तो उजव्या कानाने ऐकतो आणि ब्रेतोनमध्ये बोलतो. डुकराच्या आतड्याच्या प्रत्येक वळशाचं नाव त्याला येतं. तुम्ही फ्रेंचमध्ये विचारता तेव्हा त्याला वाटत असणार, बोललो की मार बसेल. त्याने केलं ते वाईट केलं, ते आम्ही नाकारत नाही. त्याची शिक्षा कायदा देईल. पण मुकेपणाची त्यात घालू नका.

तुमच्याकडे आमची बोली येणारी कोणी तरी असेलच. भांडी घासणारी, फरशी पुसणारी, कपडे धुणारी. अशा बायका सगळ्या आमच्याकडच्याच असतात. तिला त्याच्या उजव्या बाजूला बसवा. तिने आधी त्याला जेवलास का विचारावं. मग हे सांगावं, माझी नात नोरिग सांगते आहे आणि मी तसंच लिहिते आहे: पोलिसांनी बूट परत दिला. आज भाकरीच्या भट्टीत आम्ही तो जाळला, लाऊने, मी आणि नोरिगने मिळून. राखेतले खिळे मी या वेळी ठेवले नाहीत, विहिरीत टाकले. माळ्यावरची टोपली रिकामी आहे. आता तो कोणाकडेच नाही.

सोबत लोकरी मोजे एक जोडी, लोण्याचा केक अर्धा.

हे ऐकून तो काय म्हणाला ते त्या बाईकडून शब्दन् शब्द लिहून घ्या, शिवी दिली तर शिवीसुद्धा, आणि उलट टपाली कळवा. तिकीट आत घातलं आहे.